ध्वनिवर्धकाची नाडीपरीक्षा

(नभोवाणीवरील भाषण)

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला आबिड्सची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. सहाव्या निजामांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड यांनी येथे दुकान थाटले आणि त्यांच्या नावावरून हा सारा भाग ओळखला जाऊ लागला. ते दुकान गेले, ते निजामही गेले. नाव मात्र राहिले. आज तेथे जनरल पोस्ट ऑफिसची इमारत आहे, कापडाची व पादत्राणांची दुकाने आहेत, आणि रविवारी पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथून पायी कोठीच्या दिशेने निघाले की ट्रूप बझारातील विजेच्या सामानाची दुकाने लागतात, आणि पुढे गुजराती गल्लीत रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, वायरी, स्पीकर असा रेडिओच्या कारागिराला लागणारा सारा संसार मांडलेला दिसतो. या दोन टोकांच्या मधल्या एका बोळात मला जो धडा मिळाला, तो आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे. विषय अगदी साधा आहे. आवाज ऐकविणारी पेटी बिघडली तर काय करावे?

या शहराचे आणि ध्वनीच्या यंत्रांचे नाते जुने आहे. १९३५ साली निजाम सरकारने ‘डेक्कन रेडिओ’ हे केंद्र आपल्या ताब्यात घेतले. उर्दूच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि मराठी या भाषांनाही त्यावर स्थान होते, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीत सामील झाले. त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे सरकारी इमारतीत, जाड दाराआड, तज्ज्ञांच्या हातून होणारी गोष्ट होती. आज तसे राहिलेले नाही. एक संगणक, एक मायक्रोफोन आणि दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर घरातल्या खोलीचा स्टुडिओ होतो. आबिड्समधील एका जुन्या इमारतीच्या माडीवर आम्ही चार-सहा मराठी कुटुंबांनी असाच एक संसार मांडला आहे. ज्यांची दृष्टी गेली किंवा अधू झाली, अशा वृद्ध वाचकांसाठी आम्ही मराठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. वाचणारे वेगळे, ते वाचन ऐकून, चुका काढून, साफसूफ करण्याचे काम माझ्याकडे.

या कामासाठी जे स्पीकर वापरतात ते दिवाणखान्यातल्या स्पीकरांहून भिन्न असतात. त्यांना आवाजाचा अॅम्प्लिफायर बाहेरून जोडावा लागत नाही. तो पेटीतच बसविलेला असतो. ही कल्पना आजची नव्हे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या स्पीकराचा मूळ नमुना जगापुढे मांडला, आणि लगेच १९२६ साली बाजारात आलेल्या ‘रेडिओला १०४’ या स्पीकराच्या पेटीतच अॅम्प्लिफायर होता. आजच्या पेटीत बहुधा दोन अॅम्प्लिफायर असतात. एक खालच्या मोठ्या शंकूसाठी, म्हणजे वूफरसाठी. दुसरा वरच्या लहान घुमटीसाठी, म्हणजे ट्वीटरसाठी. आत येणाऱ्या ध्वनीचे आधी दोन भाग होतात. खर्जाचा भाग वूफरकडे जातो, तर ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांची धार ट्वीटरकडे जाते.

स्टुडिओतल्या स्पीकराचे काम गोड वाजणे हे नव्हे. त्याचे काम खरे सांगणे हे आहे. तो एक तराजू आहे. दिवाणखान्यातला स्पीकर बिघडला तर फार तर एका संध्याकाळची करमणूक बिघडते; स्टुडिओतला बिघडला तर त्याच्यावर तोलून बाहेर पाठविलेला प्रत्येक जिन्नस खोट्या वजनाचा ठरतो. ही गोष्ट मला तोंडपाठ होती. ती खऱ्या अर्थाने कळली मात्र फार उशिरा.

घडले ते असे. आमच्याकडे वाचन करणाऱ्यांत माझ्या शाळेतल्याच एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचे नाव येथे घेत नाही. आम्ही सारे त्यांना ‘बाई’च म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, पण वाचन असे की प्रत्येक शब्द नाण्यासारखा खणखणीत. गेल्या वर्षी मला त्यांचे वाचन मंद वाटू लागले. ‘सकाळ’ आणि ‘शकट’ यांतले पहिले अक्षर दबल्यासारखे येई. मी काही दिवस थांबलो आणि मग संकोचाने म्हणालो, “बाई, जरा ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट येऊ द्या.” त्या म्हणाल्या, “अरे, नवी कवळी बसवली आहे ना, तिचंच असेल.” त्यांनी प्रयत्न केला. मला फरक जाणवेना. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्या थोड्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “आता माझं वय झालं. दुसऱ्या कुणाला तरी बघ तू.” त्यानंतर त्या आल्या नाहीत.

त्यांच्या मुद्रित वाचनाचे चाळीस तास माझ्यापाशी होते. ते अधिक स्पष्ट व्हावेत म्हणून मी संगणकावर त्यांतील वरच्या पट्टीचा ध्वनी वाढवीत गेलो आणि तसेच ते श्रोत्यांकडे पाठविले. काही दिवसांनी निजामाबादेहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. “पुस्तक उत्तम आहे, पण आवाज कानाला टोचतो हो.” त्यांच्याच यंत्रात काही दोष असेल अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. हेडफोन लावून एकदा ऐकून पाहावे एवढेही मला सुचले नाही. मनुष्याचा आपल्या रोजच्या साधनावर केवढा विश्वास असतो!

पुढे एप्रिलमध्ये उजवा स्पीकर गुणगुणू लागला. भुंगा कोंडावा तसा एकसारखा घूंऽऽ असा आवाज. हा रोग उघड होता, म्हणून त्याच्या उपचारासाठी मी धावपळ केली. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांच्या उपयोगाचा भाग येथून सुरू होतो, म्हणून तो क्रमाने सांगतो.

स्पीकर गुणगुणू लागला की प्रथम पेटी उघडावयाची नसते. आधी तिला जोडलेली ध्वनीची तार काढावयाची. गुणगुण थांबली तर दोष पेटीबाहेर आहे. न थांबली तर पेटीत आहे. या एका कृतीने निम्मे जग वगळले जाते. दोष बाहेर असला, तर तो बहुधा तारेत किंवा अर्थिंगमध्ये सापडतो. संगणक एका प्लगवर, स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर, आणि दोघांचे अर्थिंग दोन वाटांनी जमिनीत गेलेले असले, की त्या दोन वाटांचे एक वर्तुळ बनते आणि घरातली वीज त्यातून कुजबुजू लागते. उपाय सोपा आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत, आणि तीन पिनांची संतुलित तार वापरावी. या तारेत एकच ध्वनी दोन वाहकांतून परस्परविरुद्ध दिशांनी नेला जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्हींवर सारखाच बसतो, आणि शेवटी वजाबाकीत तो नाहीसा होतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर किणकिण थांबली, तर दोषी कोण हे वेगळे सांगावयास नको.

गुणगुण थांबविण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. असे कदापि करू नये. गुणगुण जाते हे खरे. पण पेटीत एखादी तार सुटून धातूच्या भागाला टेकली तर माणसाला वाचविणारा मार्गही तिच्याबरोबर जातो. कानाच्या सुखासाठी जिवाचा सौदा करणे हे शहाणपण नव्हे.

माझी तार काढली तरी गुणगुण चालूच होती. म्हणजे दोष पेटीत होता. तरीही मी आणखी एक मूर्खपणा करून बसलो होतो. महिन्यापूर्वी त्याच पेटीचा फ्यूज उडाला होता. पाठीमागे स्वच्छ लिहिले होते की १.६ अँपिअरचा, थोडा उशिरा वितळणाऱ्या जातीचा फ्यूज घालावा. माझ्या ड्रॉवरमध्ये ५ अँपिअरचा होता. तोच मी घातला आणि ‘झाले काम’ म्हणून समाधान मानले.

पेटी घेऊन मी एका मोठ्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने ती उघडलीही नाही. “बोर्ड गेला, बोर्ड मिळत नाही, नवी जोडी घ्या,” अशा तीन वाक्यांत त्याने निकाल दिला. त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. त्याचे दुकान विकण्यासाठी आहे, आणि निदानाला जो वेळ लागतो त्याचे पैसे द्यावयास आपणही तयार नसतो. परंतु रोग्याला हात न लावता मृत्यूचा दाखला देणारा वैद्य आपण चालवून घेतला नसता, हेही खरे.

मग कोणी तरी मला त्या बोळातला पत्ता दिला. सहा फूट रुंदीचे दुकान. वर छताला टांगलेल्या स्पीकरांच्या जाळ्या. टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, मीटर, आणि एका लाकडी फळीवर बसविलेला जुन्या तऱ्हेचा शंभर वॅटचा दिवा. मागे बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या कारागिराला सारे ‘उस्ताद’ म्हणत. मी घाईघाईने हकीकत सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, “हड़बड़ाओ नक्को साब. पयले कान से देखो, मीटर बाद में.” दखनीतला हा ‘नक्को’ म्हणजे आपल्या ‘नको’चाच सख्खा भाऊ, हैदराबादच्या मराठी माणसाला तो कधी परका वाटत नाही.

उस्तादांनी प्रथम पाठीमागचा फ्यूज काढला, तळहातावर घेतला, आणि माझ्याकडे पाहिले. “ये किसने डाला?” मी मान खाली घातली. “फ्यूज चौकीदार है साब. आप चौकीदार को सुला दिए.” माझ्या सुदैवाने घराला आग लागली नव्हती, एवढेच.

नंतर त्यांनी ती फळी पुढे ओढली. कारागीर तिला ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. घरातली वीज सरळ यंत्रात न सोडता ती दिव्याच्या तंतूमधून सोडावयाची. यंत्रात आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र जळण्यापासून वाचते. दिवा क्षणभर लखलखून मंदावला तर मोठा शॉर्ट नाही असे समजावे. यासाठी तंतूचाच दिवा लागतो. एलईडीचा दिवा येथे निरुपयोगी. आमच्या पेटीने दिवा एकदा उजळविला आणि मग तो मंद झाला. उस्तादांनी समाधानाने मान हलविली. त्यांनी कान पेटीला लावला आणि म्हणाले की ही गुणगुण शंभराची आहे, पन्नासाची नाही.

हे वाक्य मला नंतर उलगडले. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. बाहेरून, अर्थिंगच्या वाटेने शिरणारी गुणगुण बहुधा ५० आवर्तनांची असते. पेटीतला वीजपुरवठा मात्र या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वळवितो. या वळविण्यात प्रत्येक आवर्तनाच्या दोन लाटा होतात, म्हणून तेथे राहिलेली थरथर १०० आवर्तनांची असते. संगीताच्या भाषेत बोलावयाचे तर स्वर तोच, पण एक सप्तक वरचा. त्या लाटा सपाट करण्याचे काम कपॅसिटर नावाच्या नळकांड्यांचे. ते थकले की लाटा तशाच अॅम्प्लिफायरमध्ये जातात आणि आपण त्यांना गुणगुण म्हणतो. तानपुरा लावणाऱ्याचा कान आणि दुरुस्ती करणाऱ्याचा कान यांत फारसे अंतर नाही.

पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मरशेजारी ४७०० मायक्रोफॅरडची दोन नळकांडी होती आणि दोन्हींची डोकी फुगलेली होती. यांच्या पोटात अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवाने भिजविलेला कागद असतो. उष्णतेने तो द्रव हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी उतरले की यांचे आयुष्य दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांवर १६००० तास टिकेल. ऐकावयास हे पुष्कळ वाटते. पण वर्षाचे तास ८७६० असतात, आणि मी ते स्पीकर रात्रंदिवस चालू ठेवीत होतो. शिवाय उजव्या पेटीची पाठ, जिच्यातून आतली उष्णता बाहेर पडावयाची, ती पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकलेली होती. मी त्या पेटीला पांघरूण घालून भट्टीत बसविले होते, असेच म्हणावे लागेल.

गुजराती गल्लीतून नवे कपॅसिटर आले. तितक्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज आधीच्याइतके किंवा थोडे अधिक, कमी कधीच नव्हे, आणि ८५ ऐवजी १०५ अंश सोसणारे. दोहोंची मिळून किंमत एका वेळच्या जेवणाहूनही कमी. उस्तादांनी प्रत्येक कपॅसिटर आधी मीटरवर मोजला. जुने काढण्यापूर्वी त्यांच्यात साठलेली वीज त्यांनी एका रेझिस्टरमधून सोडून दिली. हे मी मुद्दाम सांगतो. प्लग काढला की यंत्र निर्जीव झाले असे आपण समजतो. तसे नसते. नव्या तऱ्हेच्या हलक्या पुरवठ्यांत, ज्यांना एसएमपीएस म्हणतात, सुमारे ३२५ व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. ज्याला हे काम शिकलेले नाही त्याने पेटी उघडू नये. तार बदलणे, बोर्ड बदलणे, डावे-उजवे बदलून पाहणे एवढे आपले. आतले काम जाणत्याचे.

नवे कपॅसिटर टाक्याने बसले. वूफरच्या धक्क्यांनी सैल झालेले दोन जुने टाकेही उस्तादांनी त्याच वेळी पुन्हा वितळवून घट्ट केले. योग्य फ्यूज घातला. गुणगुण गेली. मी पाकीट काढले. तेव्हा ते म्हणाले, “दूसरा भी लाए ना? जोड़ी है तो जोड़ी सुनेंगे.” डावी पेटी मी सोबत नेली होती खरी, पण ती निरोगी म्हणून, नमुना दाखविण्यासाठी. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि माझ्याच फोनवरचे बाईंचे मूळ वाचन, ज्याला मी हात लावला नव्हता ते, आधी उजव्या पेटीतून आणि मग डाव्या पेटीतून ऐकविले.

श्रोतेहो, तो क्षण मी विसरणार नाही. उजव्या पेटीतून बाईंचा ‘स’ सुरीच्या पात्यासारखा स्वच्छ आला. डाव्या पेटीतून तोच ‘स’ गोधडीखालून आल्यासारखा. उस्ताद म्हणाले, “ये तो मुँह पे कपड़ा बाँध के बोल रा.” एकट्या माणसाचे वाचन ऐकावयाला दोन स्पीकर कशाला, म्हणून गेली दोन वर्षे मी एकच, टेबलाजवळची डावी पेटी चालू ठेवून काम करीत होतो. जी पेटी ओरडत होती ती आजारी खरी. पण तिने काही लपविले नव्हते. जी शांत होती तीच मला खोटे सांगत होती. आणि त्या खोट्याच्या आधारावर मी बाईंच्या जिभेला, त्यांच्या कवळीला, त्यांच्या वयाला दोषी ठरविले होते.

यापुढचे निदान उस्तादांनी मला समजावीत केले. त्यांनी प्रथम तारा अदलाबदल केल्या. मंदपणा डाव्या पेटीतच राहिला. म्हणजे तार निर्दोष. मग दोन्ही पेट्यांचे ट्वीटर अदलाबदल केले. आता उजवी पेटी मंद आणि डावी स्वच्छ! म्हणजे डाव्या पेटीचा अॅम्प्लिफायरही निर्दोष; रोग ट्वीटरमध्येच. मीटर लावला तर त्याच्या वेटोळ्याचा रोध ठीक होता, तार तुटलेली नव्हती. नुसत्या मीटरवर विसंबून राहिलो असतो तर ट्वीटर चांगला आहे असाच निकाल मिळाला असता. ‘मीटर बाद में’ याचा अर्थ तेथे मला कळला. या अदलाबदलीच्या युक्तीला काही खर्च नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि दोष कोणाबरोबर जातो ते पाहावयाचे.

ट्वीटरच्या आत, चुंबकाच्या फटीत, एक काळा चुंबकीय द्रव असतो. १९६३ साली अमेरिकेच्या अंतराळसंस्थेत, म्हणजे नासात, स्टीव्ह पॅपेल यांनी तो प्रथम तयार केला. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून न्यावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे तो स्पीकरांत आला. वेटोळ्याची उष्णता बाहेर नेणे आणि त्याच्या हालचालीला आवर घालणे हे त्याचे काम. परंतु वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटतो आणि डिंकासारखा घट्ट होतो. मग वेटोळे मोकळेपणाने हलत नाही आणि वरचे स्वर मरू लागतात. एका दिवसात नव्हे. रोज केसाएवढे. म्हणूनच कानाला ते कळत नाही. कान रोज त्याच्याशी तडजोड करीत जातो. आमची डावी पेटी खिडकीशी होती. हैदराबादचे उन्हाळ्यातले दुपारचे ऊन तिच्या तोंडावर पडे, आणि दोन वर्षे सारे काम तिनेच केले होते.

उस्तादांनी टिपकागदाच्या पट्ट्यांनी ती फट पुसून काढली. नवा द्रव दुसऱ्या शहरातून मागवावा लागला. त्याला आठ दिवस गेले. तो मापानेच घातला. पण त्यांनी आधीच बजावून ठेवले होते की घुमटीचा पापुद्रा किंवा वेटोळे जळलेले निघाले असते तर हा ट्वीटर दुरुस्त झाला नसता; तोच नवा मिळाला तर ठीक, नाही तर पेटी बाजूला ठेवावी, भलताच ट्वीटर बसवू नये. “बजेगा, मगर झूट बजेगा.” वाजेल, पण खोटे वाजेल. ‘होईल’ म्हणणारे कारागीर पुष्कळ भेटतात. ‘होणार नाही’ हे वेळेवर सांगतो, त्याच्या हाती आपली वस्तू निर्धास्तपणे द्यावी.

या शेवटच्या गोष्टीत आपल्या सर्वांचाच संबंध येतो. अशा पेट्यांचे नकाशे, म्हणजे सर्किटच्या आकृत्या, आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून दर वर्षी कितीतरी चांगल्या वस्तू भंगारात जातात. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला, आणि विजेच्या यंत्रांच्या कचऱ्यासंबंधीचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून अमलात आले. हे योग्यच झाले. परंतु नियम कारागीर निर्माण करू शकत नाहीत. तो निर्माण होतो आपल्या सवयीने. निदानाचे मोल वेगळे द्यावयास आपण शिकलो, तर त्या बोळातल्या दुकानात उद्या एखादा तरुण शिकावयास बसेल.

पेट्या घरी आल्यावर मी त्या खिडकीपासून दूर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवल्या. काम संपले की आता त्या बंद करतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच ठरलेले वाचन आधी उजवीकडून, मग डावीकडून, आणि शेवटी हेडफोनवर ऐकतो. पाच मिनिटांचे काम आहे. वाण्याच्या तराजूची तपासणी असते. माझ्या तराजूची मी दोन वर्षे केली नव्हती. बाईंचे चाळीस तासांचे वाचन मी पुन्हा मुळापासून साफ केले आणि सर्व श्रोत्यांना नव्याने पाठविले. निजामाबादच्या त्या गृहस्थांना फोन करून त्यांच्या यंत्राविषयी मनात आणलेल्या शंकेबद्दल क्षमा मागितली. त्यांना त्या शंकेची वार्ताही नव्हती; ते नुसते हसले.

बाईंकडे जाणे मात्र अवघड होते. मी गेलो, सारी हकीकत सांगितली, आणि लॅपटॉपवर दोन्ही तऱ्हेचे वाचन ऐकविले. दुरुस्तीपूर्वीच्या डाव्या पेटीचा तो दबका आवाज मी फोनवर मुद्रित करून ठेवला होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, त्या कवळीसाठी मी दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आले. रोज आरशापुढे ‘श, ष, स’ म्हणत होते.” मला वर पाहवेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “पुढचं पुस्तक कुठलं?”

ध्वनिवर्धकाच्या दुरुस्तीची रीत मी आपणांस सांगितली. बाहेरून आत जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, फ्यूजला जागे ठेवावे, अर्थिंग तोडू नये, आणि पेटी जाणत्याकडूनच उघडवावी. पण ही रीत पाळण्यापूर्वीची एक पायरी आहे आणि मी तीच गाळली होती. समोरच्या माणसाचा आवाज आपल्याला अस्पष्ट वाटू लागला, तर त्याला दोष देण्यापूर्वी आपण तो ज्यातून ऐकतो ती पेटी एकदा तपासून घ्यावी.